वाटून खाल्लेले औषध

मान न तुकवणे हा गुण म्हणावा की दोष, याबाबत जाणत्यांचे कधीच एकमत झालेले नाही. बालपणी त्याला हट्ट म्हणतात, तारुण्यात उद्धटपणा, आणि तोच मनुष्य त्याच ताठ मानेने वृद्ध झाला की लोक आदराने धृती हा शब्द योजू लागतात. शब्द पालटतात, मान तीच असते. परंतु नकारांतही जाती असतात. काही नकार दार लावून घेतात आणि तेवढ्यावरच संपतात. काही मात्र प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत उंबरठ्यावरून हलत नाहीत. या दुसऱ्या जातीच्या नकाराला एक कठीण परीक्षा द्यावी लागते. एखाद्या दिवशी चूक आपलीच निघते, आणि त्या दिवशीही त्याला उभेच राहायचे असते, फक्त समोर आपण स्वतः असतो.

डॉर्कस कोए हिच्या नकाराने ही परीक्षा दिली.

कॅनडाच्या उत्तर टोकाला मोठी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी असंख्य फाट्यांनी विखुरते. त्यांतल्या एका फाट्याच्या काठी विलो चॅनल ही तिथल्या मूळ रहिवासी ग्विचिन लोकांची वस्ती आहे. डॉर्कसचा जन्म वस्तीत झाला नाही. तो झाला पाणउंदरांच्या शिकारीच्या हंगामात, काठावरच्या तंबूत, नदीचा बर्फ फुटत असताना. “ही रडली नाही, हिने नदीला दम दिला,” असे तिची आई सांगत असे. पुढे मिशनच्या शाळेत मुलींना घरचे काही खाण्यास मनाई होती. आईबाप भेटीला येऊन गेले की डॉर्कसच्या बाहीत सुका मासा असे, आणि सुक्या माशाचा वास बाहीत मावत नाही.

“बाहीत काय आहे?” मेट्रनबाईंनी विचारले.

“हात,” डॉर्कस म्हणाली.

शिक्षा झाली. पुढच्या भेटीनंतर मासा दुसऱ्या बाहीत होता.

डॉर्कसच्या घराच्या दोन रीती येथे सांगून ठेवल्या पाहिजेत, कारण पुढचे सर्व त्यांतूनच उद्भवले. पहिली रीत घासाची. दात न आलेल्या लेकराला आई किंवा आजी मांस चावून, मऊ करून भरवते. दात गेलेल्या वृद्धेला लेक तसेच भरवते. उष्ट्याचा विधिनिषेध या लोकांना ठाऊक नाही. मुखातून मुखात गेलेला घास हा त्यांच्या लेखी मनुष्याला होणारा पहिला संस्कार होय. दुसरी रीत वाट्याची. शिकारीहून आलेला कॅरिबू, म्हणजे उत्तरेकडचे मोठे हरीण, घरात जात नाही, तो दारातच वाटला जातो. ज्याच्या बंदुकीने तो पडला त्याच्या वाट्याला कधीकधी सर्वांत कमी येते, आणि त्याविषयी बोलणे हलकेपणाचे समजतात.

डॉर्कसचा धाकटा भाऊ बार्नबस. चहासाठी नदीच्या बर्फाच्या लाद्या कापून आणणे हे त्याने आपणहून पत्करलेले काम होते. नळाच्या पाण्याचा चहा त्याला आजारी माणसाच्या घामासारखा लागे. त्याच्या पोटात दुखू लागले. दवाखान्यातल्या नर्सने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. पुन्हा दुखले, पुन्हा गोळ्या. त्या खडूसारख्या गोळ्या तो खिशात बाळगून पोरांना दाखवी आणि म्हणे, “माझी मिठाई. कुणी मागायची नाही.” त्या घराण्यात बार्नबसने न वाटता खाल्लेली ती एकच वस्तू. शेवटी तो अन्न गिळेना, तेव्हा त्याला विमानाने दक्षिणेच्या शहरात नेले. तिथे पोट उघडले आणि काही न करता परत शिवले. कॅन्सर जठरभर पसरला होता. बार्नबस घरी आला तो डॉर्कसच्या स्वयंपाकघरात खाट टाकून मरण्यासाठी. त्याच्या आधी त्याच दुखण्याने त्यांचे वडील गेले होते, शेजारचा जोनास गेला होता, आणि चर्चमध्ये पियानो वाजवणारी मेबेलही. वस्तीत त्या आजाराचे नाव कोणी घेत नसे. ‘पोट’ म्हणत, आणि थांबत.

त्या हिवाळ्यात राजधानीहून प्रॅट नावाचे आरोग्याधिकारी आले. सभागृहाच्या भिंतीवर त्यांनी चित्रे लावली. सुक्या माशावर लाल फुली होती, नदीतून भरलेल्या किटलीवर लाल फुली होती.

“पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका,” प्रॅट म्हणाले. “धुरावरचं मांस, सुका मासा कमी करा. ताज्या भाज्या जास्त खा.”

“दुकानातला तो कोबी माझ्याहून वयानं मोठा आहे, साहेब,” मागून विन्स्टन म्हणाला. हा डॉर्कसचा जावई. “त्याला खायचं म्हणजे लाज वाटते.”

लोक हसले. हसू ओसरल्यावर डॉर्कस उठली.

“साहेब, तुम्ही माझ्या भावाला ओळखत होता?”

“नाही, बाई.”

“त्याच्या पोटात कुणी बघितलं होतं? शेवटच्या त्या शहराआधी?”

“लक्षणं गंभीर असल्याशिवाय आत बघायची पद्धत नाही. नियम आहे.”

“मग त्याला माशानं मारलं हे तुम्हाला कसं कळलं?”

प्रॅट भिंतीवरच्या चित्रांकडे वळले. ते वाईट गृहस्थ नव्हते; त्यांना दिलेली चित्रे त्यांनी लावली होती. “माशानंच, असं नाही म्हणत मी,” ते म्हणाले. “पोटात राहणारा एक जंतू असतो. जगातल्या निम्म्या लोकांच्या पोटात तो आहे. बहुतेकांना काही होत नाही. काहींना व्रण होतो, आणि थोड्या लोकांना पुढे कॅन्सर.”

“ते थोडे लोक म्हणजे आम्ही?”

“इथे प्रमाण जास्त दिसतं खरं.”

“आम्ही कॅरिबू मारला की त्याचं पोट उघडून बघतो,” डॉर्कस म्हणाली. “काय खाल्लं, कुठे चरला, रोगी होता का. आणि आमचा माणूस मेला की तुम्ही बघता कुठे? त्याच्या स्वयंपाकघरात. आधी पोटात बघा. माझ्या बघा, सगळ्यांच्या बघा, इथे येऊन बघा. मग माझ्या माशाला नावं ठेवा.”

“तशी यंत्रं इथे आणणं शक्य नाही, बाई.”

“चर्चचा पियानो आला बर्फाच्या रस्त्यानं. यंत्र काय पियानोहून जड आहे?”

त्यानंतर जो कोणी अधिकारी विमानातून उतरे, त्याला धावपट्टीच्या कडेला डॉर्कस उभी दिसे. ती ओरडत नसे, अडवत नसे; तोच प्रश्न विचारी, उत्तर ऐकून घेई आणि ‘मग पुढच्या खेपेला’ असे म्हणून घरी जाई. आसपासच्या वस्त्यांतल्या बायकांनीही तो प्रश्न उचलला. वृत्तपत्रात तो छापून आला. अखेर एका विद्यापीठाने मनावर घेतले, आणि हिवाळा संपता संपता, गोठलेल्या नदीवरचा बर्फाचा रस्ता अजून टणक असताना, दोन मोटारी यंत्रे घेऊन आल्या. त्यांच्या प्रमुख होत्या डॉ. टेरेसा बोयचुक, दक्षिणेकडच्या गव्हाच्या मुलखातल्या, मोठ्या हातांच्या, कमी बोलणाऱ्या.

दवाखान्याच्या दाराशी गर्दी जमली, परंतु पोटात बघायची ती दुर्बिणीची नळी गिळायला प्रथम कोण जाणार? प्रत्यक्ष चीफना, म्हणजे वस्तीच्या प्रमुखांना, त्याच वेळी आपल्या बर्फगाडीचा पट्टा दुरुस्त करण्याची आठवण झाली.

“सरका,” डॉर्कस म्हणाली, आणि आत गेली. दार तिने उघडेच ठेवायला लावले.

“आजी, झोपेचं इंजेक्शन देते,” डॉ. बोयचुक म्हणाल्या. “त्रास कमी होईल.”

“झोपायला आले नाही. पडदा इकडे वळव. माझं पोट मला बघायचंय.”

नळी आत गेली. डॉर्कसच्या डोळ्यांतून पाणी आले, हात खाटेच्या कडेवर घट्ट झाला, पण नजर पडद्यावरून ढळली नाही. त्या अंधाऱ्या गुहेत प्रकाश शिरला होता. लालसर, ओलसर, घड्याघड्यांची भूमी दिसत होती; जिथे आजवर केवळ अन्न आणि दुःख पोहोचले होते तिथे आता डॉर्कसची स्वतःची दृष्टी पोहोचली. चिमट्याने तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढले. नळी बाहेर आल्यावर तिने तोंड पुसले, आणि दाराशी ताटकळलेल्या लोकांना म्हणाली, “कॅरिबूचं असतं तसंच आहे. जरा लहान. या आता एकेक, आणि चीफला सांगा पट्टा नंतर लाव.”

तिच्यामागे लोक गेले. सर्व नव्हे, परंतु पुष्कळ. डॉर्कसची लेक लिओनाही गेली. डॉर्कसची थोरली बहीण रेनी मात्र वरच्या फाट्यावरच्या तळावर सापळे बघायला गेली होती, ती राहिली. आणि विन्स्टन ‘माझं पोट मला नीट माहीत आहे’ म्हणून राहिला.

तुकड्यांचे निदान आले तेव्हा डॉ. बोयचुक स्वतः डॉर्कसच्या घरी आल्या. रेनीही तळावरून परतली होती. लिओनाची तान्ही एल्सी डॉर्कसच्या मांडीवर होती, आणि डॉर्कस तोंडात मांसाचा तुकडा घोळवत होती.

“जंतू दोघींनाही आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजी, तुमचं पोट वयाच्या मानानं ठीक आहे. लिओना, तुझ्या जठराचं अस्तर झिजायला लागलंय.”

“म्हणजे बार्नबसमामासारखं,” लिओना म्हणाली.

“त्याच वाटेवर. पण फार मागे. तिथपर्यंत जाऊ नये म्हणूनच औषध. जंतू गेला तर झीज बहुधा थांबेल.”

“हा किडा येतो कुठून?” डॉर्कसने विचारले.

“लहानपणीच येतो, बहुतेक घरातल्याच कुणाकडून. पाण्याचं मी खात्रीनं सांगू शकत नाही. तोंडातून तोंडात जात असावा, आईकडून मुलाला, असं पुष्कळदा दिसतं.” मग त्यांची दृष्टी एल्सीकडे गेली. “आजी, हिला चावून भरवणं थांबवाल का?”

डॉर्कसचा जबडा थांबला. लिओनाला तिने याच खुर्चीत भरवले होते. तिला स्वतःला आईने, आईला आजीने. मागे जाता जाता जिथे नावे संपतात तिथपर्यंत तो घास जात होता.

“म्हणजे आईनं मला मारायला भरवलं,” ती म्हणाली.

“तसं मी म्हटलं नाही.”

“म्हटलं नाहीस. ऐकू आलं.”

डॉक्टरीणबाई गेल्या. डॉर्कसने तोंडातला घास एल्सीच्या मुखात ठेवला, सावकाश, खिडकीपाशी, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल असा.

औषध मात्र तिने स्वीकारले. लिओनाचे एक पुडके, तिचे स्वतःचे एक. रंगीबेरंगी गोळ्या, सकाळी आणि संध्याकाळी, संपेपर्यंत. रेनीचेही पोट अधूनमधून दुखे. विन्स्टन नको म्हणत होता तरी जेवणानंतर त्याचा हात छातीखाली जाई. डॉर्कसने दोन्ही पुडकी बिस्किटांच्या डब्यात ओतली, आणि रोज जेवणानंतर डबा उघडून ती टेबलाभोवती वाटे. रेनीला, लिओनाला, विन्स्टनला, स्वतःला. कॅरिबूची कलेजी वाटावी तशी, बघून, तोलून, कुणावर अन्याय होऊ नये अशी. लिओनाला तिने दरवेळी थोडे जास्त दिले, कारण ती आजारी होती. घरात कुणालाही यात काही वावगे दिसले नाही. दुसरे कसे करतात, हा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही.

उन्हाळ्यात जाळी लागली, मासे धुरावर चढले, आणि डॉ. बोयचुक विमानाने परत आल्या. या वेळी दुर्बीण नव्हती. एक आंबट पेय प्यायचे आणि पिशवीत फुंकायचे; जंतू जिवंत असेल तर श्वास ते सांगतो. डॉर्कसने फुंकले, लिओनाने फुंकले. किडा दोघींतही तसाच होता.

“गोळ्या नीट घेतल्या होत्या ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“एकही वाया गेली नाही,” डॉर्कस म्हणाली.

“सगळ्या तुम्हीच घेतल्या?”

“मी एकटी कशी घेईन? घरात माणसं आहेत.”



“मला पांढरी बरी वाटली,” विन्स्टन म्हणाला. “ती मोठी पिवळी घशात अडकायची. पण वाट्याला आली ती घेतली.”

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. त्या रागावल्या असत्या तर डॉर्कसला सोपे गेले असते. “हा जंतू चिवट आहे,” त्या हळू बोलल्या. “पुरतं औषध मिळालं तर मरतो. अर्धं मिळालं तर त्यातले दुबळे मरतात आणि दांडगे उरतात. पुढच्या वेळी तेच औषध त्यांना लागू पडत नाही.”

“जखमी करून सोडलेलं अस्वल,” डॉर्कस म्हणाली.

“हो. तेच.”

“आणि ते आता लिओनाच्या पोटात आहे.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली.

डॉर्कस उठली, लिओनाशी दोन शब्द बोलली आणि नदीवर गेली. काठावर रेनी मासे चिरत बसली होती. डॉर्कसने दुसरी सुरी घेतली आणि शेजारी बसली. डॉक्टरीणबाईंचे बोलणे तिने रेनीला सांगितले. या प्रदेशात जखमी जनावर सोडून येणाऱ्या माणसाला कोणी दोष देत नाही. फक्त पुढच्या शिकारीला त्याच्याबरोबर कोणी जात नाही.

“तू दिलंस, मी गिळलं,” शेवटी रेनी म्हणाली. “निम्मी चूक माझी धर.”

“नको, ताई. चूक वाटायची नसते.”

“पोरीला काय सांगणार?”

“सांगितलं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आई, तू मला एक जास्त द्यायचीस.” डॉर्कसने माशाचे आतडे ओढून काढले आणि कावळ्यांकडे फेकले. “ते ऐकून घेणं जड गेलं.”

ती तिथेच बसून राहिली असती तर येथे लिहिण्यासारखे फारसे काही उरले नसते. पुष्कळ ताठ माणसे आपली पहिली मोठी चूक कळल्यावर मोडतात, आणि मग जन्मभर इतरांना वाकायला शिकवतात. डॉर्कसने हात धुतले आणि सभागृहात जाऊन घंटा वाजवली. ती घंटा आग लागली किंवा कोणी नदीत हरवले तरच वाजते. लोक धावत आले. डॉ. बोयचुकही आल्या.

“आग नाही,” डॉर्कस म्हणाली. “बसा. मी माझं औषध घरात वाटलं. लिओनाचंही वाटलं. किडा मेला नाही, माजला. ही माझी चूक आहे, डॉक्टरीणबाईची नाही. अजून कुणी वाटलं?”

मग एका म्हाताऱ्याने हात वर केला, मग त्याच्या सुनेने, मग मागच्या बाकावरच्या सगळ्या ओळीने.

“मोझेसनं कुत्र्यालाही दिली,” कोणीतरी म्हणाले.

“त्याचंही पोट दुखत होतं,” मोझेस म्हणाला.

हसू आले आणि लगेच विरले. डॉ. बोयचुक भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या साऱ्या तपासण्यांचा अर्थ त्या क्षणी बदलून गेला होता.

“आता माझं ऐक, पोरी,” डॉर्कस त्यांच्याकडे वळली. “चूक माझी. रीत चुकीची नाही. आम्ही एका भांड्यातून खातो. तू एका घरातल्या एकाच माणसाला ताट वाढलंस आणि बाकीच्यांना नुसतं बघायला बसवलंस. तुला कुणी शिकवलं असं वाढायला? लिओनाचा किडा मेला, तरी रेनीचा आहे, विन्स्टनचा आहे. सगळं घर एका दिवशी औषध घेईल, ज्याचं त्याला पुरतं. नाहीतर कुणीच नाही.”

“ज्यांची तपासणी झाली नाही त्यांना औषध देता येत नाही, आजी.”

“मग तपास सगळ्यांना.”

“तेवढी परवानगी वरून मिळालेली नाही.”

“वरून म्हणजे कुठून? आमच्या वर नुसता समुद्र आहे.” डॉर्कस बाकावर बसली. “परवानगी येईपर्यंत या वस्तीत कुणी पिशवीत फुंकणार नाही. मी तर नाहीच.”

“मीही नाही,” रेनी म्हणाली. तिने तर अजून एकदाही फुंकले नव्हते.

लिओना उठली. तिच्याच पोटाविषयी हे सर्व चालले होते, आणि थांबण्याची किंमत कोणी देणार असेल तर तीच. “मी थांबेन,” ती म्हणाली.

डॉर्कसने लेकीकडे पाहिले.

“मी परवानगीसाठी भांडेन,” डॉ. बोयचुक म्हणाल्या. “तुमचं म्हणणं मला पटलंय. घरात एकालाच औषध द्यायचं हे कागदावर ठीक होतं, इथे ठीक नव्हतं. हे मला आधीच सुचायला हवं होतं. पण माझीही अट आहे. एल्सीच्या घासाची.”

साऱ्या सभेचे डोळे डॉर्कसवर होते. तिने शाल ओढली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई विमानाकडे निघाल्या, तेव्हा डॉर्कसच्या घरातून ठोकल्याचा आवाज येत होता. दार उघडे होते. डॉर्कस जमिनीवर बसली होती आणि नदीतल्या गोट्याने सुके मांस कुटत होती. तो गोटा तिच्या आईचा. लांब प्रवासाला निघताना तिची आई त्यावर मांस कुटून, चरबीत मळून, थैल्या भरत असे. डॉर्कसने तो बार्नबसच्या खाटेच्या पायाखाली टेकू म्हणून लावलेला होता, तिथून काढला. मांसाची भुकटी झाली, तिने ती कोमट रश्श्यात कालवली आणि एल्सीला बोटाने भरवली. एल्सीने तोंड वेडेवाकडे केले, मग गिळले.

“अट मानली असं समजू?” डॉ. बोयचुकनी दारातून विचारले.

“तुझी अट कोण मानतो? आईचा दगड आहे. तिनंही कुटलंय यावर.” डॉर्कसने वर पाहिले नाही. “माझा श्वास निवळेपर्यंत, तेवढंच. त्या फळीवर पुडकं आहे, घेऊन जा.”

पुडक्यात सुका मासा होता. तो प्रॅटसाहेबांच्या चित्रात गुंडाळला होता, लाल फुली बाहेर दिसेल अशा बेताने.

परवानगी नदी गोठल्यावर आली. कशी आली, कुणाकुणाशी भांडून आली, हे डॉ. बोयचुकनी कधी सांगितले नाही. सर्व घरे तपासली गेली. नवे औषध जहाल होते. जिभेवर गंज चढल्यासारखी चव राही, आणि रेनीला अन्नाचा वास नकोसा होई. चौघांपुढे चौघांचे वेगळे वाटे असत. डॉर्कस टेबलाच्या टोकाला बसून प्रत्येकाच्या गळ्याकडे पाही. त्या घरात प्रथमच सगळी माणसे न वाटता खात होती, आणि हे पाहणे तिला औषधाहून कडू लागे.

“सासूबाई, माझी जरा जास्त वाटते. थोडी देऊ का?” विन्स्टन विचारी.

“गीळ,” डॉर्कस म्हणे.

वसंतात श्वास तपासले. लिओनाचा निवळला होता. रेनीचा निवळला होता. विन्स्टनचाही, आणि त्याने तो स्वतःचा पराक्रम म्हणून वस्तीभर सांगितला. डॉर्कसचा मात्र तसाच होता.

“तिसरं एक औषध आहे,” डॉ. बोयचुक म्हणाल्या.

“नको. लिओनाचा गेला ना?”

“गेला. झिजलेलं अस्तर भरून येईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. दर काही वर्षांनी आत बघावं लागेल.”

“बघ. बघायला माझी ना कधीच नव्हती.” डॉर्कसने पिशवी परत केली. “माझा राहू दे. आता आम्ही दोघंही म्हातारे. तो मला हाकलत नाही, मी त्याला हाकलत नाही.”

“आणि एल्सी?”

“शब्द दिलाय. श्वास निवळेपर्यंत.”

तो निवळला नाही, आणि तिने एल्सीला किंवा पुढे झालेल्या नातवाला एकही घास चावून भरवला नाही. तसे करताना तिला कोणी आनंदी पाहिले असे म्हणणे खोटे ठरेल. लेकरू मांडीवर आले की तिचा जबडा आपोआप हले, रिकामाच. आणि मग ती दगडाकडे हात करी. सुका मासा तिने शेवटपर्यंत खाल्ला. नदीचा चहा प्यायली. धावपट्टीवर नवा अधिकारी उतरला की ती जाई, आता दुसऱ्या वस्त्यांसाठी, आणि तोच प्रश्न विचारी.

ती गेली ती हृदयाने, शरदात, जाळे ओढून घरी आल्यावर, बूट काढता काढता. चर्चमध्ये चीफ बोलायला उभे राहिले. “दुर्बिणीच्या दिवशी मी पट्टा लावायला गेलो होतो,” ते म्हणाले. “पट्टा तुटलेला नव्हता.” एवढे बोलून ते बसले. वस्तीने त्या दिवशी कॅरिबू वाटला तेव्हा डॉर्कसच्या दारातही तिचा वाटा ठेवला, आणि रेनीने तो घेतला.

विलो चॅनलमध्ये आजही औषध घराला मिळते, एकट्याला मिळत नाही. लिओना दर काही वर्षांनी दवाखान्यात जाते, पडदा आपल्याकडे वळवायला लावते आणि घरी येऊन स्वयंपाक करते. दगड तिच्या चुलीशेजारी आहे. मधोमध तो खोलगट झाला आहे.